ब्रेकचा दिवा विझत नसेल, तर आधी पायाखाली पाहा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील एक तरुण भाड्याची गाडी चालवतो. गाडी लहान, सीएनजीवरची, बँकेचे कर्ज काढून घेतलेली. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता ठरलेला. एके दिवशी पहाटे साडेचारला तो आमच्या दारात उभा. एका कुटुंबाला सामानासकट कल्याण स्टेशनवर सोडायचे होते आणि गाडी काही केल्या सुरू होत नव्हती. किल्ली फिरवली की नुसता कट्‌कट् आवाज. आम्ही चौघांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली, पण तोवर ते कुटुंब रिक्षा करून निघून गेले होते. सकाळचे भाडे बुडाले.

बॅटरीवाल्याने सांगितले, बॅटरी संपली. नवी घातली. तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. आता मात्र तो घाबरला. एका इलेक्ट्रिशियनने मागची वायरिंग जळली असे निदान करून साडेचार हजारांचा आकडा सांगितला. नवी बॅटरी उधारीची, त्यावर हे साडेचार हजार. त्या रात्री त्याच्या घरी जेवणे नीट झाली नाहीत हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले.

उलगडा केला तो त्याच्या बायकोने. आमच्याकडे नळाला पाणी रात्री तीनच्या सुमारास येते. ती हंडे भरायला उठली तेव्हा गाडीमागची भिंत लालसर दिसत होती. सकाळी ती आम्हांला म्हणाली, “भाऊजी, गाडी बंद असताना मागचा लाल दिवा चालू राहतो का हो?” आम्ही म्हटले, “नाही वहिनी, राहायला नको.” तेव्हा सारे चित्र स्पष्ट झाले. ब्रेकचा दिवा रात्रभर जळत होता आणि बॅटरी खात होता.

हा बिघाड फार सर्रास आढळतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण टॅक्सी, टेम्पो, व्हॅन चालवतात. कित्येकांनी पै-पैसा जोडून जुनी गाडी घेतलेली आहे. म्हणून हा विषय आज थोडा विस्ताराने मांडत आहोत. आम्ही काही मोठे मेकॅनिक नव्हे. परंतु हे निदान करण्यास मोठ्या मेकॅनिकची गरजही नसते. एक बॅटरी (हातातली), पाच मिनिटांचा वेळ आणि जमिनीवर पाठ टेकण्याची तयारी, एवढे पुरे.

प्रथम हा दिवा पेटतो कसा ते समजून घेऊ. स्टिअरिंगच्या खाली, ब्रेक पॅडलच्या वरच्या टोकाजवळ डॅशबोर्डच्या आत एक लोखंडी पट्टी असते. तिच्यावर अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याच्या तोंडातून पेन्सिलीच्या टोकासारखी एक दांडी बाहेर आलेली असते. पाय ब्रेकवर नसतो तेव्हा पॅडलचा दांडा या दांडीला आत दाबून धरतो. दाबलेली असेपर्यंत वीज तुटलेली, दिवा बंद. पाय पडला की पॅडल पुढे सरकते, दांडी स्प्रिंगच्या जोराने बाहेर येते, वीज जुळते आणि मागे लाल दिवा पेटतो. ज्यांच्या घरी फ्रिज आहे त्यांनी त्याच्या दाराजवळचे बटण आठवावे. दार लावले की ते बटण दाबले जाते आणि आतला दिवा जातो. दार उघडले की दिवा येतो. ब्रेकच्या स्विचची चालही तीच.

आता गंमत अशी की, बहुतेक गाड्यांत पॅडलचा लोखंडी दांडा त्या स्विचला थेट लागत नाही. दांड्याला एक भोक असते आणि त्या भोकात रबराचे किंवा प्लास्टिकचे एक छोटे बटण बसवलेले असते. त्याला स्टॉपर म्हणतात, कोणी बुश म्हणतात. शर्टाच्या बटणाहून फार मोठे नसते. स्विचची दांडी या बटणावर टेकते. वर्षानुवर्षे उन्हात तापून, दिवसातून शेकडो वेळा ठोके खाऊन ते प्लास्टिक कडक होते आणि एके दिवशी भुगा होऊन गळून पडते. मग स्विचची दांडी त्या मोकळ्या भोकातून सरळ आरपार जाते. तिला दाबणारे काही उरत नाही. स्विचच्या समजुतीने ब्रेकवर कायम पाय आहे. दिवा चालू.

आमच्या शेजाऱ्याच्या गाडीत हेच झाले होते. आम्ही खाली वाकून पाहिले तर पॅडलच्या दांड्याला स्वच्छ गोल भोक. मॅटवर एक-दोन पांढरे तुकडे. वहिनी म्हणाल्या, “असले तुकडे तर मी परवाच झाडून टाकले. मला वाटले पोरांनी खेळणे मोडले.” तो स्टॉपर त्यांनी केरात टाकला होता, त्यात त्यांचा काय दोष? गाडी चालवणाऱ्यालाही ते तुकडे कसले हे ठाऊक नव्हते आणि साडेचार हजार मागणाऱ्याने तर खाली वाकून पाहिलेही नव्हते.

बॅटरी एका रात्रीत कशी उतरते, याचा हिशेब सोपा आहे. ब्रेकचा साधा बल्ब 21 वॅटचा. दोन्ही बाजूंचे मिळून 42 वॅट. बॅटरी 12 व्होल्टची. म्हणजे साडेतीन अँपिअर वीज सतत वाहते. दहा तासांत 35 अँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी साधारण तेवढ्याच क्षमतेची असते. काचेवरचा तिसरा दिवा यात धरलेलाच नाही. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा दिवा बॅटरीवरून थेट चालतो, किल्ली काढली तरी तो बंद होत नाही, हे लक्षात ठेवावे. आणि अशी पुरती उतरलेली बॅटरी दोन-चार वेळा झाली की तिचे आयुष्यच घटते. त्या तरुणाची जुनी बॅटरी खरोखर संपली होती की या दिव्याने संपवली, हे आता सांगता येणार नाही.

पण बॅटरीचे नुकसान हे लहान नुकसान आहे. ब्रेकचा दिवा कायम पेटलेला असेल तर तो दिवा असून नसल्यासारखा. मागून येणाऱ्याला तुम्ही थांबत आहात हे कळायचे कसे? आमचे मेहुणे 2019 साली भिवंडीच्या रस्त्याने रात्री मोटरसायकलवरून येत होते. पुढे एक टेम्पो. त्याचा लाल दिवा सुरुवातीपासून पेटलेलाच होता, म्हणून त्यांनी तो साधा मागचा दिवा समजला. टेम्पोवाल्याने खड्डा पाहून ब्रेक मारला. दिव्यात काहीच फरक पडला नाही. मेहुणे जाऊन आदळले. मनगट मोडले, दोन महिने कामाचा खाडा झाला, आणि हातावर पोट असलेल्या घरात दोन महिने म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. टेम्पोवाला भला माणूस होता. त्यानेच त्यांना दवाखान्यात नेले. दिवा चालू राहतो हे त्याला माहीत होते. “चालूच आहे ना, बंद तर नाही,” असे तो म्हणाला. हीच समजूत घातक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे ब्रेकचा दिवा गाडीला असलाच पाहिजे, आणि तो असण्यामागचा हेतू पाय पडल्याची खूण मागच्याला देणे हाच आहे.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, किल्ली काढून घ्यावी, सर्व दिव्यांची बटणे बंद करावीत. मागे लाल उजेड आहे का पाहावे. एकटे असाल तर गाडीची पाठ भिंतीकडे किंवा दुकानाच्या शटरकडे करावी, उजेड त्यावर पडतो. मुलाला बघायला सांगायचे असेल तर बाजूला उभे करावे, गाडीच्या मागे नव्हे.

किल्ली काढलेली, बटणे बंद, तरीही लाल उजेड असेल तर दोष बहुधा स्विचकडे आहे. आणि बटणे बंद असताना काही नाही, पण हेडलाइट किंवा पार्किंग लाइट लावले की ब्रेकचा दिवाही पेटतो, असे असेल तर स्विचला हात लावू नये. दोष मागच्या बल्बकडे आहे. हा एवढा फरक ओळखला तरी निम्मे काम झाले.

स्विचकडे दोष दिसला तर पायाचा पंजा पॅडलच्या खालून घालून पॅडल हलके वर उचलावे. दिवा विझला? मग पॅडल पुरते परत येत नाही. कारणे साधी असतात. पॅडलच्या सांध्यात माती-गंज बसलेला असतो, परतीची स्प्रिंग सैल झालेली असते, किंवा घरी शिवलेली जाड मॅट पॅडलला अडते. पाण्याची बाटली घरंगळून पॅडलखाली गेलेलीही आम्ही पाहिली आहे. ही गोष्ट दिव्यापुरती नाही, अशाने ब्रेकच लागणार नाही. चालकाच्या पायाशी काहीही सुटे ठेवू नये. सांधा साफ करून तेल दिले, तरी पॅडल उचलल्याशिवाय दिवा जात नसेल, तर स्विच आपल्या जागेवरून मागे सरकलेला असू शकतो. तो नटाने आवळलेला असेल तर नट सैल करून स्विच थोडा पुढे घ्यावा.

येथे एक सावधगिरी. स्विच फार पुढे घेतला तर तो पॅडललाच दाबून धरतो. मग पॅडलचा प्ले जातो, मास्टर सिलिंडर पुरता सुटत नाही आणि ब्रेक चिकटू लागतात. गाडी जड चालते, गॅस जास्त खाते, चाकाजवळ जळल्याचा वास येतो. नट आवळण्यापूर्वी हाताने पॅडल दाबून पाहावे. सुरुवातीला थोडे मोकळे चालले पाहिजे. उलट, स्विचला कोणी हात लावलेला नसताना चाके तापत असतील आणि दिवाही चालू राहत असेल, तर हे दिव्याचे दुखणे नव्हे, ब्रेकचे आहे. गाडी तशीच गॅरेजला न्यावी, भाडे घेऊ नये.

पॅडल उचलून फरक पडला नाही तर बॅटरी मारून स्विच शोधावा आणि त्याची दांडी बोटाने आत दाबावी. दिवा विझला तर स्विच चांगला आहे, स्टॉपर गेलेला आहे. पॅडलच्या दांड्यातले भोक दिसेलच. बोटाने दाबूनही दिवा जात नसेल तर स्विचचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, काढावा. कपलर काढताच दिवा विझला तर स्विच आतून चिकटलेला आहे, तो बदलावा. कपलर काढूनही दिवा चालूच? आता, आणि आताच, वायरिंगचा संशय घ्यावा. वायरिंग कापायला बसणाऱ्या माणसाला आपण निःसंकोच विचारावे, “दादा, कपलर काढून पाहिला का?” चांगला कारागीर रागावणार नाही.

जुन्या गाड्यांपैकी काहींत हा स्विच पॅडलवर नसतो, ब्रेक ऑइलच्या नळीवर किंवा मास्टर सिलिंडरवर असतो आणि तेलाच्या दाबाने चालतो. तेथे बोटाने दाबण्यासारखे काही नसते, परंतु वायर काढून पाहण्याची परीक्षा तीच. अशा स्विचभोवती तेलाची ओल दिसली तर तो लगेच बदलून घ्यावा.

मागच्या बल्बकडे वळू. पुष्कळ गाड्यांत मागचा साधा दिवा आणि ब्रेकचा दिवा एकाच बल्बमध्ये असतात. आत दोन तारा, एक 5 वॅटची मंद, दुसरी 21 वॅटची प्रखर. बुडाला दोन टोके म्हणून बाजारात याला डबल पॉइंट बल्ब म्हणतात. घाईत कोणी सिंगल पॉइंट बल्ब ठोकून बसवला तर त्याचे एकच टोक होल्डरच्या दोन्ही पत्र्यांना जोडून टाकते. मग पार्किंग लाइट लावले की ब्रेकचे दिवे पेटतात, आणि ब्रेक मारला की मीटरमधले दिवेही लागतात. ही खूण दिसली की बल्ब काढून बूड पाहावे. कधी बल्ब बरोबर असतो, पण आतली एक तार तुटून दुसरीवर पडलेली असते. कधी होल्डर गंजून त्याची बॉडी अर्थ गेलेली असते आणि वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते, अशा वेळी दिवे मंद व भलतेच पेटतात. पत्रा खरवडून अर्थची वायर नीट आवळली की काम होते.

वायरिंगचा दोष असलाच तर दोन जागा आधी पाहाव्यात. एक म्हणजे डिकीच्या बिजागरीजवळची वायर. दार उघडून-मिटून तिचे आवरण फाटते. दुसरी जागा आपणच तयार केलेली. लुकलुकणाऱ्या एलईडी पट्ट्या, जादा दिवे, हौसेने जोडलेले हॉर्न. वायर सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी. पहिल्या पावसात तिचा चिकटपणा जातो आणि दोन वायरी एकमेकींना भेटतात. गाडी सजवण्याला आमचा विरोध नाही, पण सजावटीची वायर ब्रेकच्या वायरीवर जोडू नये.

दुचाकीवाल्यांसाठी थोडेसे. मोटरसायकलला दोन स्विच असतात, एक पुढच्या ब्रेकच्या मुठीपाशी आणि एक मागच्या ब्रेकच्या पॅडलपाशी, बहुधा स्प्रिंगने ओढला जाणारा. मूठ पुढे ढकलून पाहावी, मग पॅडल वर उचलून पाहावे, कोणत्याने दिवा जातो त्यावरून दोषी कळतो. मागचा ब्रेक आवळून घेतल्यावर स्विचही पुन्हा जुळवावा लागतो, हे अनेकजण विसरतात. जुळवताना स्विच हाताने धरून फक्त नट फिरवावा. स्विचच फिरवला तर त्याच्या वायरी पिळवटतात. आणखी एक. 1 एप्रिल 2017 पासून दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाला. त्याबरोबर बहुतेक दुचाकींत मागचा मंद दिवाही लागतो. तो ब्रेकचा दिवा नव्हे. ब्रेक दाबल्यावर उजेड वाढतो ना, एवढे पाहावे.

हे जुन्या खटाऱ्यांचेच रडगाणे आहे असे कोणी समजू नये. 2013 साली अमेरिकेत ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी ब्रेकच्या दिव्याच्या स्विचसाठी 16 लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. 2015 च्या अखेरीस ह्युंदाईने तेथेच सुमारे 3 लाख सोनाटा गाड्या पुन्हा परत बोलावल्या, त्या तर केवळ आपल्या या प्लास्टिकच्या स्टॉपरसाठी. दिवा चालू राहतोच, शिवाय ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ब्रेक न दाबताच पार्किंगमधून निघू शकतो, हा त्यातला मोठा धोका. लहान मूल गाडीत खेळत असेल तर काय होईल याचा विचार करावा. त्या गाडीमालकांना तो तुकडा कंपनीने फुकट बसवून दिला. आमच्या वस्तीत त्याच दुखण्यावर वायरिंग कापण्याचा बेत होता.

अलीकडच्या गाड्यांत स्विचला चार वायरी असतात आणि तो एबीएस व इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही खबर देतो. काही स्विच एकदाच बसतात, काढून पुन्हा जुळवता येत नाहीत. अशा गाडीत स्टॉपर तेवढा आपण पाहावा, स्विचचे काम जाणत्याकडून करून घ्यावे.

रात्री अवेळी दिवा अडकला तर बॅटरी वाचवण्यासाठी स्विचचा कपलर काढून ठेवावा, किंवा जुनी साधी गाडी असेल तर बॅटरीची काळी वायर सोडावी. फ्यूजही काढता येतो, पण काही गाड्यांत हॉर्न त्याच फ्यूजवर असतो. मात्र असे करून गाडी रस्त्यावर काढू नये. दिवा कायम चालू आणि दिवा कायम बंद, मागच्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. गाडी हलवणे भागच असेल तर स्टॉपरच्या भोकात आखूड बोल्ट घालून, दोन्ही बाजूंस वायसर लावून नट आवळावा. बोल्टाचे डोके स्विचच्या दांडीला दाबते आणि दिवा पुन्हा शिस्तीत येतो. पॅडल चार वेळा दाबून सोडावे, ते कोठे अडत नाही ना पाहावे, मगच निघावे. ही तात्पुरती सोय आहे, बोल्ट सैल होऊ शकतो.

आमच्या शेजाऱ्यानेही दोन दिवस बोल्टावरच काढले. नंतर स्पेअर पार्टच्या दुकानात गेला तर दुकानदाराने आधी पूर्ण स्विचच पुढे केला. ‘ब्रेक पॅडलचा स्टॉपर’ असे स्पष्ट मागितल्यावर आणि भोकाचे माप दाखवल्यावर त्याने आतल्या डब्यातून तो काढला. किंमत दोन वडापाव आणि चहाएवढी. क्लचच्या पॅडललाही तसाच एक स्टॉपर पुष्कळ गाड्यांत असतो आणि तोही त्याच वयाचा झालेला असतो, म्हणून त्याने दोन घेतले. जास्तीचा एक वहिनींनी कागदात गुंडाळून गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला आहे.